विश्लेषण : स्टील गिटारच्या तारा वेगळ्या सुरांत का लावतात? घाईत ताणल्यास काय होते?

साधी गिटार वाजवणाऱ्याने पहिल्यांदा लॅप स्टील गिटार मांडीवर आडवी घेतली, की त्याचा गोंधळ उडतो. ओळखीच्या कॉर्ड लागतच नाहीत. दोष हाताचा नसतो, तारांच्या जुळणीचा असतो. या वाद्यांसाठी वेगळे ट्यूनिंग का लागते आणि ते निवडताना काय सांभाळावे, याविषयी…

ही वाद्ये कोणती?

गिटार आडवी ठेवून तारांवर पोलादी बार सरकवण्याची पद्धत हवाई बेटांवरची. १९व्या शतकाच्या अखेरीस ती रुजवण्याचे श्रेय जोसेफ केकुकू यांना दिले जाते. पुढे अमेरिकेत आवाज मोठा करण्यासाठी गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमचे शंकू बसवले गेले. तीच रेझोनेटर गिटार. ‘नॅशनल’ कंपनीने ती १९२७च्या सुमारास बाजारात आणली. ‘डोब्रो’ हे नाव डोपियेरा बंधूंचे. लॅप स्टील मात्र बहुधा विजेवर चालते.

नेहमीचे ट्यूनिंग का चालत नाही?

साध्या गिटारच्या तारा जाड ते बारीक अशा ई-ए-डी-जी-बी-ई सुरांत असतात. बोटे वेगवेगळ्या फ्रेटवर ठेवून कॉर्ड बनते. बार मात्र सरळ असतो. तो सगळ्या तारा एकाच रेषेत दाबतो. त्यामुळे मोकळ्या तारांतच कॉर्ड असावी लागते. हेच ‘ओपन ट्यूनिंग’.

उदाहरणार्थ, ओपन जीमध्ये तारा डी-जी-डी-जी-बी-डी अशा लागतात. जी म्हणजे पांढरी पाच. तो षड्ज मानला, तर तारा प-सा-प-सा-ग-प होतात. बार पाचव्या फ्रेटवर नेला की मध्यमाची कॉर्ड, सातव्यावर पंचमाची, बाराव्यावर पुन्हा षड्जाची, पण वरच्या सप्तकातली. मालकंसासाठी तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमात लावतात, त्यातलाच हा प्रकार. आधी वाद्य गाण्याला अनुकूल करायचे, मग वाजवायचे.

कोणते ट्यूनिंग कशासाठी?

ब्लूज वादकांत ओपन डी (डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी) आणि ओपन जी रूढ आहेत. ब्लूग्रासमधील डोब्रो बहुतेकदा जी-बी-डी-जी-बी-डी अशी लावतात. हवाईयन आणि स्विंग संगीतात सी-सिक्स्थ (सी-ई-जी-ए-सी-ई) लोकप्रिय आहे. त्यात मेजर कॉर्ड आहेच, शिवाय वरच्या तीन तारांत ए मायनरही मिळते. शुद्ध मेजर ट्यूनिंगमध्ये मायनर कॉर्ड सहज मिळत नाही. बार तिरका धरावा लागतो किंवा काही तारा वगळाव्या लागतात. प्रत्येक ट्यूनिंग काही देते, काही हिरावते.

तारा का तुटतात?

तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूर दोन सेमीटोन चढवला तर ताण सुमारे २६ टक्के वाढतो. तीन चढवला तर सुमारे ४१ टक्के. साध्या गिटारचा संच तसाच ठेवून डोब्रोचे ट्यूनिंग केले, तर सहावी तार ई वरून जी पर्यंत, म्हणजे तीन सेमीटोन वर जाते. पाचवी दोन सेमीटोन चढते. तार तुटू शकते, जुन्या वाद्याची मान वाकू शकते. म्हणून डोब्रोसाठी वेगळ्या जाडीचा संच मिळतो.

नवशिक्यासाठी ओपन डी किंवा डी-जी-डी-जी-बी-डी हे ओपन जी सुरक्षित, कारण त्यात एकही तार वर चढत नाही, काही उतरतात. ओपन ई मध्ये तारांमधली अंतरे ओपन डी सारखीच, पण तीन तारा चढवाव्या लागतात. तोच आवाज हवा असेल तर ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटपासून वाजवता येते.

भारतात काय झाले?

मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर हिंदी चित्रपटगीतांच्या धुना घरोघरी पोहोचवल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी हे वाद्य रागसंगीतात आणले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांसोबत तेच आहेत. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. राय कूडर यांच्यासोबतच्या त्यांच्या अल्बमला १९९४मध्ये ग्रॅमी मिळाले. रागात कॉर्डपेक्षा मींड महत्त्वाची, म्हणून इथे जुळणीही रागाच्या सुरांकडे पाहून ठरते.