'होमली' मुलगी आणि 'हँडसम' एमा

काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंनी मुलीचा इंग्रजी बायोडेटा माझ्याकडे नजरेखालून घालायला दिला. स्थळ अमेरिकेतलं होतं. मुलगा तिकडेच जन्मलेला, तिकडेच वाढलेला. शिक्षण, नोकरी, उंची, गोत्र सगळं जागच्या जागी होतं. मग एक ओळ आली: मुलगी 'फेअर, स्मार्ट अँड होमली' आहे. काकूंना म्हणायचं होतं की मुलगी गोरी आहे, दिसायला नीटस आहे आणि घर सांभाळणारी आहे. त्या मुलाने ती ओळ वाचली असती तर त्याला एवढंच कळलं असतं: उजळ वर्णाची, बुद्धीने तल्लख आणि दिसायला अगदीच सुमार. तीन विशेषणांपैकी एकच धडपणे पलीकडे पोचणार होतं.

काकूंचं इंग्रजी कच्चं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. हे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदले आणि नांदता नांदता त्यांनी इथले अर्थ घेतले. मराठीत बोलताना ते अर्थ खरेच आहेत. अडचण येते ती शब्द परत माहेरी पाठवताना. रूपाबद्दलच्या शब्दांत तर ती जास्तच येते, कारण तिथे चूक व्याकरणाची राहत नाही, समोरच्या माणसाला लागते. म्हणून त्यातले काही गैरसमज इथे उलगडून ठेवतो.

गैरसमज: 'होमली' म्हणजे गृहकृत्यदक्ष

विवाहविषयक जाहिरातींत 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द आपण वर्षानुवर्षं वाचला. इंग्रजीत जाहिरात देताना त्याच्या जागी 'होमली' बसला आणि पक्का झाला. ब्रिटनमध्ये हा शब्द प्रेमळ आहे, पण तो बहुधा माणसाच्या रूपाबद्दल नसतो. जागेबद्दल, जेवणाबद्दल, वातावरणाबद्दल असतो. साधं, ऊबदार, घरच्यासारखं. टॉल्किनच्या 1937 सालच्या 'द हॉबिट'मध्ये एलरॉन्डच्या घराचं नावच 'लास्ट होमली हाउस' आहे. थकल्याभागल्या प्रवाशाला जिथे टेकावंसं वाटेल असं ते घर.

अमेरिकेत मात्र माणसाला 'होमली' म्हटलं की तो दिसायला बरा नाही, असाच अर्थ होतो. अब्राहम लिंकनच्या चेहऱ्याचं वर्णन करताना हा शब्द कितीदा तरी वापरला गेला. हा अर्थ अमेरिकेने नव्याने काढलेला नाही. घरगुती म्हणून साधं, साधं म्हणून ओबडधोबड आणि ओबडधोबड म्हणून कुरूप, हा उतार शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्रजीतच तयार झाला होता. पुढे ब्रिटनने घराची ऊब जवळ ठेवली, अमेरिकेने चेहऱ्याचं उणेपण ठेवलं. तिकडे ऊबदार घराला 'होमी' म्हणतात.

त्यामुळे परदेशी जाणाऱ्या मजकुरात हा शब्द कुठल्याही मुलीसाठी लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. तिला स्वयंपाकाची आवड असेल तर तसं लिहावं, घरच्या माणसांत रमत असेल तर तसं लिहावं.

गैरसमज: 'हँडसम' पुरुषांसाठी, 'ब्युटिफुल' बायकांसाठी

शाळेत ही जोडी आपण बैल-गाय, राजा-राणी अशा जोड्यांसारखी पाठ करतो. पण जेन ऑस्टिनच्या 'एमा' या 1815च्या अखेरीस आलेल्या कादंबरीचं पहिलंच वाक्य नायिकेची ओळख करून देतं आणि त्यात तिच्या रूपासाठी शब्द येतो तो 'हँडसम'. त्याच्या दोन वर्षं आधीच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा पाहतो आणि नाक मुरडतो, तेही ती पुरेशी 'हँडसम' नाही म्हणून. पुढे त्याचं मत पालटतं, तेव्हा आपल्या ओळखीतल्या सर्वांत देखण्या स्त्रियांत तो तिला बसवतो आणि शब्द पुन्हा तोच वापरतो. मराठी अनुवादकाला इथे 'देखणी' हा शब्द अलगद सापडतो. देखणा, देखणी, लिंग बदलतं, मान तोच राहतो.

या शब्दाच्या पोटात 'हँड' म्हणजे हात आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ हाताळायला सोपं, हाताशी असलेलं असा होता. पुढे तो बेताचं, नेटकं, भरघोस अशा वाटांनी रूपापर्यंत आला. भरघोस हा मधला अर्थ अजून जिवंत आहे, म्हणून पगारही 'हँडसम' असतो. आज इंग्रजीत एखाद्या बाईला 'हँडसम' म्हटलं तर ती सहसा तरुण पोर नसते. बांधा उंचापुरा, नाकडोळे ठसठशीत, वागण्यात रुबाब, अशी प्रौढ स्त्री डोळ्यांपुढे येते. तो शब्द सन्मानाचा आहे, पण विशीतल्या मुलीला तो आवडेलच असं नाही.

उलट बाजूने, पुरुषाला 'ब्युटिफुल' म्हणणं चूक नाही, फक्त विरळा आहे. 'प्रिटी बॉय' म्हटलं की मात्र त्यात हिणवणं येतं.

गैरसमज: 'प्रिटी' म्हणजे थोडी कमी 'ब्युटिफुल'

बरं, छान, सुंदर, अतिसुंदर अशी शिडी मनात धरून आपण 'प्रिटी'ला खालच्या पायरीवर बसवतो. खरं तर दोन शब्दांची जातच वेगळी आहे. 'प्रिटी'त लहानपण आहे, नाजूकपणा आहे, पाहताक्षणी येणारा गोडवा आहे. फुलाफुलांचा फ्रॉक 'प्रिटी' असतो, खिडकीतल्या कुंड्या 'प्रिटी' असतात. हिमालयाला कोणी 'प्रिटी' म्हणत नाही, आणि ते तो कमी सुंदर आहे म्हणून नव्हे. साजिरं-गोजिरं हे शब्द आपण सह्याद्रीच्या कड्याला लावत नाही, तसंच हे आहे.

जुन्या इंग्रजीत 'प्रिटी'च्या पूर्वजाचा अर्थ होता लबाड, कावेबाज. तो आला क्लृप्ती या अर्थाच्या शब्दावरून. मग तो कित्येक शतकं लिखाणातून दिसेनासा होतो आणि 1400च्या सुमारास परततो तेव्हा चतुर, कुशल असा झालेला असतो. तिथून गोड दिसणाऱ्यापर्यंत यायला त्याला फार वेळ लागला नाही. 'क्यूट'ची वाटही अशीच. तो 'अक्यूट'चा, म्हणजे तीक्ष्णचा, डोकं उडालेला तुकडा. 18व्या शतकात 'क्यूट' माणूस म्हणजे चलाख माणूस होता. रूपाचा अर्थ त्याला 19व्या शतकात अमेरिकेत मिळाला. तिथे चिडलेली आई मुलाला 'क्यूटपणा' करू नकोस म्हणते, तेव्हा तिला गोंडसपणा नको नसतो. आगाऊपणा नको असतो. जुना अर्थ तिथे तग धरून आहे.

आपण 'क्यूट'ला सरळ 'गोंडस' समजतो. बाळ, मांजर, लोकरीचे मोजे यांच्यापुरतं ते ठीक आहे. अमेरिकेत मात्र मुली मोठ्या, नोकरदार मुलाला 'क्यूट' म्हणतात आणि त्याचा अर्थ तो आवडलाय असा असतो. सहकारी बाईने महिनाभर खपून केलेलं सादरीकरण 'क्यूट' होतं असं म्हटलं तर ती दुखावेल, आणि तिचं दुखावणं रास्त असेल. कामाला बाहुलीच्या मापात बसवल्यासारखं होतं ते.

गैरसमज: 'स्मार्ट' मुलगा, चांगली 'पर्सनॅलिटी'

"मुलगा स्मार्ट आहे हो" हे मराठीत बहुतेकदा मुलाच्या दिसण्याबद्दल असतं. अमेरिकेत तेच वाक्य निखळ बुद्धीबद्दल असतं. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतं, पण दिसण्याबद्दल असेल तर ते कपड्यांबद्दल असतं: इस्त्री, टाय, चकचकीत बूट. नाकीडोळी नीटस असण्याशी त्याचा संबंध नाही. मुळात हा शब्द वेदनेचा आहे. जर्मनमध्ये वेदनेला 'श्मेर्त्स' म्हणतात, तो याचाच भाऊबंद. धुराने डोळे चुरचुरले तर इंग्रजीत ते अजूनही 'स्मार्ट' होतात. झोंबणारं, मग चटकन लागणारं, मग तल्लख, मग टापटीप, असा त्याचा प्रवास झाला.

'पर्सनॅलिटी'चं तर आपण पार उलटं केलं. "काय पर्सनॅलिटी आहे!" म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे सहा फूट उंची आणि रुंद खांदे असतात. इंग्रजीत हा शब्द स्वभावाचा आहे. एखाद्या मुलीबद्दल विचारल्यावर समोरचा रूपाविषयी काही न बोलता फक्त तिची 'पर्सनॅलिटी' छान आहे म्हणाला, तर ऐकणारे समजून जातात की रूपाबद्दल तो बोलणं टाळतोय.

गैरसमज: 'फेअर' म्हणजे गोरा, आणि गोरा म्हणजे सुंदर

या शब्दापाशी मला जास्त थांबायचं आहे, कारण याने आपल्या घरांत खरं दुःख पेरलं आहे.

'फेअर'चा सर्वांत जुना अर्थ सुंदर, मनाला भावणारा. त्यात रंग नव्हता. डाग नसलेलं, स्वच्छ, निर्मळ, अशी त्याची अर्थछटा पसरत गेली. निरभ्र हवा 'फेअर' असते ती त्यामुळे. आपल्या शाळेतली 'रफ वही' आणि 'फेअर वही' यांतही हाच निर्मळ अर्थ आहे. न्याय्य हा अर्थही याच कुळातला. उजळ केस आणि उजळ कातडी हा अर्थ मागाहून चिकटला. जुन्या इंग्रजी पोवाड्यांतल्या 'फेअर' स्त्रीला अनुवादात सरसकट 'गोरी' करणं म्हणूनच चुकीचं आहे. पुष्कळदा ती फक्त सुंदर असते.

आपल्याकडे मात्र शब्दातला रंगच तेवढा राहिला आणि सौंदर्य त्याच्या मागे फरफटत आलं. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारतात 1975मध्ये बाजारात आलं. दोन विशेषणं शेजारी ठेवून त्या नावाने पंचेचाळीस वर्षं एकच समीकरण गिरवलं. 2020मध्ये कंपनीने नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. बायोडेटातला 'व्हीटिश' हा शब्दही याच हिशेबातून आला. तो 'गव्हाळ'चं इंग्रजी रूप आहे, भारतीय इंग्रजीतच चालतो आणि बाहेरच्या माणसाला त्याचा उलगडा होत नाही. मराठीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी प्रतवारी जाहिरातींतून छापली जाते. ज्या भाषेतल्या वारकऱ्यांनी सावळ्या विठोबाच्या रूपाचं शतकानुशतकं वर्णन केलं, ज्या महाभारतावर ती वाढली त्यातल्या द्रौपदीचं एक नावच कृष्णा आहे, त्या भाषेत हे व्हावं याचा मला मनापासून त्रास होतो. काकूंच्या ओळीतला 'फेअर' मी पहिल्यांदा खोडला. 'होमली' त्यानंतर.

'हॉट' आणि 'सेक्सी' या शब्दांबद्दल थोडक्यात. गाडी, गाणं, फोन यांना ते लावतात म्हणून ते माणसांसाठीही निरुपद्रवी झाले, हा समज सोडून द्यावा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा नकोशा लैंगिक शेरेबाजीलाही छळ मानतो. तारीफ करायची होती, ही सबब तिथे पुरत नाही. ब्रिटनमध्ये 'फिट' या साध्या शब्दाचाही बोलीतला अर्थ आकर्षक असा आहे, तेव्हा तिथे मैत्रिणीला 'फिट दिसतेस' म्हणताना जिमची आठवण काढलेली बरी.

'अट्रॅक्टिव्ह'बद्दल गैरसमज फारसा नाही. 'आकर्षक' हा त्याचा प्रतिशब्द चपखल आहे, दिसतो त्याहून जास्त. लॅटिनमध्ये ओढणं या अर्थाचं जे क्रियापद त्यामागे आहे, त्याच्यापासूनच 'ट्रॅक्टर' आला. आपल्या 'आकर्षक'मध्ये 'कृष्' धातू आहे, ओढणं आणि नांगरणं हे त्याचे अर्थ, आणि त्याच्यापासूनच 'कृषी' आली. एकमेकींना न विचारता दोन भाषांनी रूप आणि शेत एकाच दाव्याला बांधलं.

'ग्लॅमर'ला लोक पैशाचा आणि कॅमेऱ्याचा शब्द समजतात. तो स्कॉटलंडमधला जादूटोण्याचा शब्द आहे आणि 'ग्रामर'चं बदललेलं रूप आहे. लिहितावाचता येणाऱ्या माणसाला मंत्रतंत्रही येत असणार, असं निरक्षर लोकांना वाटे. त्यातून व्याकरणाची जादू झाली. नजरेवर पडलेली भूल म्हणजे 'ग्लॅमर'. वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो सर्वदूर पोचला. 'चार्म'च्या मुळाशीही मंत्रच आहे आणि 'फॅसिनेटिंग'च्या मुळाशी चेटूक. हा शेवटचा शब्द लॅटिन 'फॅसिनम'वरून आला. नजर लागू नये म्हणून रोमन लोक मुलांच्या अंगावर जो ताईत घालत, त्याचंही नाव 'फॅसिनम'च होतं. आपल्याकडे देखण्या बाळाच्या गालाला तीट लावतात आणि तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात. आणि रूपासाठी आपला जो सर्वांत देखणा शब्द आहे, 'लावण्य', तो लवणापासून, म्हणजे त्याच मिठापासून झाला आहे.