शिबाम : मातीच्या उत्तुंग घरांचे नगर

पुरातन वास्तूंचा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे दगडी किल्ले व लेणी उभी राहतात. मातीची घरेही शतकानुशतके टिकू शकतात, हे त्यांस सहसा ठाऊक नसते. ते पटवून देण्यास यमन देशातील शिबाम नगराचे उदाहरण फार उपयुक्त आहे.

अरबस्तानच्या दक्षिणेस हद्रमौत नावाचे विस्तीर्ण खोरे आहे. निजामाच्या पदरी असलेले अनेक अरब शिपाई मूळचे याच प्रांतातील होत. या खोऱ्यात पाऊस क्वचित पडतो. पडला म्हणजे पूर येतो. त्याच पाण्यावर खजुराच्या बागा व शेते पिकतात. परंतु इ. स. १५३२-३३ मधील महापुराने शिबामचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. आज दिसणारी बहुतेक घरे त्यानंतरची होत. येथील जामा मशीद मात्र बव्हंशी नवव्या-दहाव्या शतकातील आहे.

नगर उंचवट्यावर असून त्याभोवती तट आहे. आतील जागा मोजकी. म्हणून घरे उंच वाढली. काही सात-आठ मजल्यांची आहेत. माती व भुसा कालवून उन्हात वाळविलेल्या विटांच्या या भिंती पायाशी जाड व वर निमुळत्या असतात. त्यामुळे भार सुसह्य होतो. खालच्या मजल्यांवर धान्य साठवीत. माणसे वर राहत. खिडक्या व दारे आपल्या बोरीच्या जातीतील एका झाडाच्या लाकडाची असतात.

मातीचा खरा शत्रू पाणी. म्हणून गच्चीवर व भिंतींच्या वरच्या भागावर चुन्याचा गिलावा देतात आणि त्याची वारंवार डागडुजी करतात. धाब्याच्या घरात वाढलेल्या मुलांस याचे मर्म तत्काळ कळेल. घर ओस पडले, डागडुजी थांबली, की थोड्याच वर्षांत भिंत ढासळते.

युनेस्कोने १९८२ साली शिबामला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २००८ च्या पुराने तेथे पुन्हा हानी झाली. पुढे यमनमध्ये युद्ध पेटल्यावर २०१५ साली हे नगर धोक्यातील वारशांच्या यादीत नोंदले गेले.

शिक्षकबंधुभगिनींनी हा पाठ घेताना गावातील एखादे जुने मातीचे घर मुलांस अवश्य दाखवावे. ते कोणी बांधले, छताची मशागत कोण व केव्हा करतो, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणण्यास सांगावे. वारसा केवळ बांधणाऱ्यांचा नसतो. तो दरवर्षी सांभाळणाऱ्यांचाही असतो, हे त्यावरून मुलांच्या मनावर ठसेल.