पिकअप गाडीचे स्पेसर आणि न दिसणाऱ्या ढिबऱ्या

मालाची पारख ही आपल्या व्यापारी समाजाची वडिलोपार्जित विद्या होय. गुळाची ढेप हाती घेताच तिचा कस सांगणारे, तांदळाचे चार दाणे दाताखाली धरून तो नवा की जुना हे ओळखणारे जाणते व्यापारी आजही आपल्या पेठांतून आढळतात. परंतु ज्या वाहनावर हा माल लादून आपण गावोगावी धाडतो, त्याच्या सुट्या भागांची खरेदी करताना मात्र हीच मंडळी विक्रेत्याच्या शब्दावर सर्वस्वी विसंबून राहतात. दोन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाला या विसंबण्याचे मोल कळून चुकले. तो अनुभव आणि त्यानंतर जाणत्या मिस्त्रींकडून समजून घेतलेल्या गोष्टी सभासद बंधूंपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या पेढीची एक पिकअप गाडी बेळगावहून चोर्ला घाटाने म्हापशाला माल घेऊन जाते. पुतण्याने हौसेने तिला रुंद टायर बसविले. ते मागील बाजूस स्प्रिंगच्या पाट्यांना घासू लागले, तेव्हा एका विक्रेत्याने तोडगा सुचविला. चाक आणि हब यांच्यामध्ये ३० मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती घालावी, म्हणजे चाक तेवढे बाहेर सरकेल. या चकतीलाच व्हील स्पेसर म्हणतात. भोके जुळली, चाक बसले, घासणे थांबले आणि आम्ही निश्चिंत झालो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, पहाटेच्या वेळी, कणकुंबीजवळून आमच्या चालकाचा फोन आला. "अण्णा, बाहेरच्या ढिबऱ्या सगळ्या घट्ट हाईत, पण चाक बोलायलंय." माल वेळेवर पोहोचावा ही माझी घाई. मी म्हणालो, "ढिबऱ्या घट्ट असतील तर सावकाश पुढे जा." त्यावर तो शांतपणे उत्तरला, "चाक काढून बघितल्याबिगार मी घाट उतरत न्हाई, अण्णा." त्याने जॅक लावला, चाक उतरविले आणि आत पाहिले. स्पेसर ज्या सहा स्टडवर आवळलेला होता, त्यांपैकी दोन तुटलेले होते आणि उरलेल्यांवरील ढिबऱ्या बोटांनी फिरत होत्या. पुढे सारा घाट उतरायचा होता. त्या दिवशी त्याने माझी आज्ञा मानली असती तर काय झाले असते, हा विचार आजही मनाला अस्वस्थ करतो.

दोष कोठे होता, हे समजण्यासाठी प्रथम चाक गाडीला कसे धरून राहते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, गाडीचा भार स्टडवर लटकलेला असतो. वस्तुतः ढिबरी आवळल्याने स्टड किंचित ताणला जातो. त्या ताणाने रिम हबच्या तोंडावर दाबून धरली जाते आणि या दोन सपाट तोंडांमधील घर्षणच भार पेलते. दाब कमी झाला की रिम सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते, स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि अखेरीस थकून तुटतो. साध्या चाकाला असा एकच सांधा असतो. स्पेसर घातला की सांधे दोन होतात, एक हब व स्पेसर यांचा आणि दुसरा स्पेसर व रिम यांचा.

जाड स्पेसर प्रथम हबच्या मूळ स्टडवर ढिबऱ्यांनी आवळला जातो. मग त्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक बसविले जाते. म्हणजे आतील ढिबऱ्या चाकाखाली पूर्णपणे झाकल्या जातात. चालक रोज सकाळी पाना लावून पाहतो त्या बाहेरच्या ढिबऱ्या. आतल्या ढिबऱ्या सैल झाल्या तरी बाहेरच्या घट्टच लागतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हे वहीत न दिसणारे देणे आहे. स्पेसर निवडणे म्हणजे या न दिसणाऱ्या ढिबऱ्यांची जबाबदारी स्वीकारणे होय. ज्याला ती पेलावयाची नसेल, त्याने या खरेदीच्या वाटेस जाऊ नये.

तरीही ज्यांना स्पेसर घेणे भाग आहे, त्यांनी तो कसा पारखावा हे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट मापाची. केवळ भोके जुळली म्हणजे स्पेसर जुळला असे नव्हे. टोयोटाची हायलक्स आणि अमेरिकेतील शेवरोलेची सिल्व्हराडो १५०० या दोन्ही पिकअपना सहा स्टड असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास दोहोंचाही १३९.७ मिलिमीटरच असतो. परंतु मधल्या भोकाचे माप हायलक्सचे १०६.१ मिलिमीटर, तर सिल्व्हराडोचे ७८.१ मिलिमीटर आहे. स्टडही एकीचे १२ मिलिमीटर जाडीचे, तर दुसरीचे १४ मिलिमीटरचे. मधले भोक हबच्या उंचवट्यावर अचूक बसले तरच चाक नेमके मध्यभागी येते. ते सैल असेल तर चाकाला मध्यावर धरण्याचे काम एकट्या ढिबऱ्यांवर पडते आणि गाडी वेगात थरथरू लागते. यासाठी स्पेसरच्या आतील बाजूचे भोक हबवर आणि बाहेरील उंचवटा रिमच्या भोकात घट्ट बसतो की नाही, हे व्हर्नियर कॅलिपरने मोजून पाहावे. तराजूशिवाय माल न घेणाऱ्याने येथे नजरेच्या अंदाजावर का जावे?

दुसरी गोष्ट जाडीची. पाच-सात मिलिमीटरच्या पातळ चकत्यांना स्वतःचे स्टड नसतात. त्या मूळ स्टडवर नुसत्या सरकवितात. त्यामुळे ढिबरीला धरावयास आटे कमी उरतात. ढिबरी निदान स्टडच्या जाडीइतकी आत गेली पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या आणि १.५ मिलिमीटर आट्यांच्या स्टडवर याचा अर्थ पूर्ण आठ फेरे असा होतो. हे फेरे कोणालाही मोजता येतात. ते कमी भरले तर ती चकती परत करावी. याच्या उलट, जाड स्पेसरमध्ये मूळ स्टडची टोके स्पेसरच्या बाहेर आलेली नसावीत. ती रिमला टेकली तर चाक स्पेसरवर सपाट बसतच नाही. दोन स्पेसर एकावर एक तर कधीही घालू नयेत.

तिसरी गोष्ट धातूची. चांगला स्पेसर घडीव ॲल्युमिनियमच्या अखंड तुकड्यातून कातून काढलेला असतो. ६०६१-टी६ हा त्यासाठी वापरला जाणारा नेहमीचा मिश्रधातू असून, टी६ ही खूण त्यावर उष्णतेची प्रक्रिया झाल्याचे दर्शविते. ओतीव आणि स्वस्त स्पेसरमध्ये आत पोकळ्या राहण्याची आणि तडा जाण्याची भीती असते. त्यातील स्टडच्या माथ्यावर १०.९ अशी प्रत कोरलेली असावी. एका चाकामागे किती किलो भार चालेल, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे आणि नोंदणीपत्रातील मागील आसाच्या वजनाच्या निम्म्या आकड्याशी ताडून पाहावे. जो लिहून देण्यास कचरतो, त्याचा माल घेऊ नये, हा नियम आपल्याला नवा नाही.

चौथी गोष्ट ढिबरीच्या बैठकीची. काही ढिबऱ्यांचे तोंड निमुळते, काहींचे गोलाकार, तर काहींचे वायसरसारखे सपाट असते. रिमच्या भोकाची खाच ज्या आकाराची, त्याच आकाराची ढिबरी हवी. आकार चुकला तर ढिबरी घट्ट लागल्याचा भास होतो, पण ती टेकलेली असते केवळ एका कडेवर.

पाचवी गोष्ट बसविण्याची. हब आणि स्पेसर यांची तोंडे तारेच्या ब्रशने घासून गंज व रंग काढावा, कारण गंजाचा थर दबला की ढिबरीचा ताण गेलाच म्हणून समजा. ढिबऱ्या समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच, गाडीच्या पुस्तिकेत व स्पेसरच्या कागदात दिलेल्या मापानुसार आवळाव्यात. पाना पायाने दाबून हे माप साधत नाही. साधारण ८० ते १०० किलोमीटर धावल्यावर चाक काढून आतील ढिबऱ्या पुन्हा तपासाव्यात. पुढेही प्रत्येक देखभालीच्या वेळी हेच करावे. आमच्या गाडीत नेमके एवढेच झाले नव्हते. तीन आठवड्यांत ते चाक एकदाही उतरविले गेले नाही.

इतके करूनही एक उणीव उरतेच. चाक बाहेर सरकले की भारही बेअरिंगपासून दूर सरकतो. एका चाकावर ७०० किलो भार आहे आणि चाक ३ सेंटिमीटर बाहेर गेले असे धरा. एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला २१ किलोचे वजन टांगावे, तेवढा वाकविणारा जोर त्यामुळे अधिक पडतो. हा हिशेब गाडी उभी असतानाचा. खड्ड्यात आदळणाऱ्या गाडीचा जोर याच्या कित्येक पट होतो. पुढील चाकांना स्पेसर लावल्यास सुकाणू जड होते आणि ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढली जाण्याचा संभव वाढतो. टायर मडगार्डच्या बाहेर आला तर चिखल उडतो तो वेगळाच.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने मूळ ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रात दाखल झालेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून खरेदीपूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे. अपघातानंतर दावा करताना हा प्रश्न निघणे परवडणारे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. स्पेसर घ्यावा की नाही? हौसेच्या खाजगी पिकअपला, जिच्यावर बेताचाच भार असतो आणि जिचा मालक स्वतः चाक उतरवून पाहतो, परवानगी असल्यास मोजून-मापून घेतलेला स्पेसर चालू शकेल. परंतु भरल्या मालाने रोज घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीला तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. टायर घासत असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या मापाचाच टायर व रिम घालावी. रुंद टायरच हवा असेल आणि नियमात बसत असेल, तर योग्य बैठकीची रिम घ्यावी. तिने भार बाहेर सरकतो हे खरे, परंतु निदान दुसरा सांधा आणि झाकलेल्या ढिबऱ्या तरी राहत नाहीत.

आमच्या गाडीचे स्पेसर त्याच आठवड्यात काढले गेले, मूळ मापाचे टायर परत बसले आणि तुटलेल्या स्टडसह सारे स्टड नवे घातले. पेढीत एक छोटी वही ठेवली असून तीत प्रत्येक गाडीच्या चाकांच्या ढिबऱ्या कधी आवळल्या त्याची तारीख व आवळणाऱ्याची सही असते. त्याहून महत्त्वाचा नियम असा केला आहे की, "चाक बोलते" असे चालकाने सांगितले, तर गाडी जेथे असेल तेथेच उभी राहील. माल उशिरा पोहोचला तर ग्राहकाची क्षमा मागता येते. चालकाच्या घरी जाऊन मात्र कोणती क्षमा मागणार?

सभासद बंधूंनी आपापल्या गाड्यांखाली एकवार वाकून पाहावे. चाक आणि हब यांच्यामध्ये चकती दिसली, तर पुढची खेप भरण्यापूर्वी चाक उतरवावे, हीच नम्र विनंती.