वरून कार्बन

सकाळी ८:३०
शनिवार असला की पोरं लवकर येतात. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं असतं आणि त्याआधी, 'दादा, एवढं तेवढं बसवून द्या ना,' म्हणत कुणीतरी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या दुचाकीच्या दुकानात उभं असतंच. हातातल्या पिशवीत कार्बन फायबरची काळी चौकडी चमकत असते. आज ब्रेकचं लिव्हर आहे. ऑनलाइन मागवलेलं, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी ते बसवत नाही, कारणही तिथल्या तिथे सांगतो. टाकीवरचं कव्हर सुटलं तर पैसे वाया जातील. उतारावर लिव्हर तुटलं तर पोरगं जाईल. गाडीचा कोणता भाग शोभेचा आणि कोणत्या भागावर जीव टांगलेला, हे आधी ठरवायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.

१०:००
पार्सलं उघडायची वेळ. हाताखालच्या पोराला मी नाण्याची परीक्षा शिकवतोय. रुपयाचं नाणं घ्यायचं आणि मडगार्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकेच टकटक करत जायचं. आतले थर एकमेकांना धरून असतील तर आवाज सगळीकडे सारखा, खणखणीत येतो. मध्येच बद्द वाजलं की तिथे थर सुटलेत किंवा हवा अडकली आहे. आजच्या मडगार्डला बोल्टच्या भोकाजवळच बद्द वाजलं. सगळा ताण जिथे येतो, नेमकं तिथे.

मग ते उलटं करून कड बघायची. बाजारात कार्बन म्हणून तीन प्रकारचा माल फिरतो. एक, प्लॅस्टिकवर छापलेली चौकडी. वळणावर ती रबरासारखी ताणलेली दिसते. दुसरा, वर कार्बनच्या कापडाचा एकच थर आणि खाली सगळं काचेचं फायबर; भोकाच्या कडेला पांढुरके तंतू दिसले की समजायचं. तिसरा खरा. त्यातला एकेक तंतू पाच ते सात मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक, आणि तीन-के कापडाच्या एका दोऱ्यात असे तीन हजार. पण खरा आहे म्हणून मजबूत आहे, असं नाही. तंतू ज्या दिशेने धावतात त्या दिशेलाच ताकद असते. थर किती, कोणत्या कोनात, रेझिन किती आणि दाबाखाली गरम करून पक्कं केलंय की ब्रशने फासून उन्हात वाळवलंय, यावर सगळं ठरतं. वरच्या लकाकीवरून यातलं काहीच कळत नाही.

११:३०
एक गिऱ्हाईक पुढचं मडगार्ड बदलायला आलंय. जुनं काढलं तर खाली लोखंडी पट्टी. बऱ्याच गाड्यांत हीच पट्टी दोन्ही शॉकअपच्या नळ्या एकमेकींना बांधून ठेवते. नवं मडगार्ड तिच्याशिवाय बसवलं तर वळणावर पुढचं चाक पिळवटतं. ब्रॅकेटपाशी तडकून ते चाकात शिरलं तर चाक जाम होतं. पट्टी ठेवून, भोकात धातूचा बुश घालून, हाताने बेताचंच आवळलं. कार्बन बोल्टखाली चिरडला तर वरून दिसतही नाही. ॲल्युमिनियमच्या बोल्टला नायलॉनचे वॉशर घातले, नाहीतर साताऱ्याच्या पावसाळ्यात कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी होते.

यालाच साडीगार्ड काढून मागे छोटं कार्बन मडगार्ड हवं होतं. मी साफ नाही म्हणालो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं साधन, मागे बसणाऱ्याला धरायला हँडल आणि पाय ठेवायला जागा मागतो. मागे आई बसते, बहीण बसते. चाकात पदर किंवा ओढणी गेल्यावर काय होतं, ते सांगायची गरज पडू नये.

१:००
डबा. आमच्याच शहरात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची, पत्र्याची. धडकली की पोचा पडायचा, ठोकून बाहेर काढायचे. पत्रा वाकून आधी सांगतो. कार्बन सांगत नाही. आतून फाटलेला असूनही तो वरून कोरा दिसतो आणि पुढच्या धक्क्याला एकदम जातो, तोही धारदार चिंधड्या होऊन. एकदा पडलेल्या गाडीचा कार्बनचा भाग म्हणूनच मी परत बसवत नाही.

१:३०
ऑर्डरचा माल बघायला सांगलीकडे. कराड, पेठ नाका. उसाच्या ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही.

४:३०
कुपवाड एमआयडीसीतल्या फायबरच्या एका शेडमध्ये. साचा, मेण, जेलकोट, कापड, रेझिन. कामगार उघड्या तोंडाने ग्राइंडर मारतोय आणि काळी धूळ हवेत तरंगतेय. हे मला बघवत नाही. ती फुफ्फुसात जाते, कातडीला खाज सुटते, शिवाय वीजवाहक असल्याने मोटारीत, स्विचमध्ये शिरून शॉर्ट करते. ओला पॉलिश पेपर आणि धुळीसाठीचा मास्कही खूप फरक पाडेल. मालकाला तसं बोललो, 'अण्णा, आधी पोरांना मास्क द्या.' सोबत आणलेले दोन डझन तिथेच ठेवले.

सायलेन्सरच्या कव्हरची ऑर्डर मात्र रद्द केली. इथलं रेझिन भट्टीत पक्कं होत नाही. असं रेझिन साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि सायलेन्सर त्याच्या कितीतरी पुढे तापतो. टाकीचे पॅड आणि साइड पॅनल घेतले. तिथे यांचं काम छान आहे.

६:३०
विश्रामबागला मित्राच्या दुकानात. हुकाला 'कार्बन' हेल्मेट टांगलेलं, उचललं तर पिसासारखं हलकं. आत थर्माकोल बोटभरही जाड नाही. डोकं वाचवतो तो हाच थर. धडकेत तो चेपतो आणि मार स्वतःवर घेतो. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, मानक आयएस ४१५१. चिन्ह होतं. मित्राने त्याखालचा लायसन्स क्रमांक बीआयएस केअर ॲपवर घातला. नोंद सापडली नाही.

त्या मालाची सगळी हेल्मेटं आम्ही हुकावरून उतरवली आणि खोक्यात भरली. सोमवारी तो घाऊकवाल्याला पावती मागणार आहे, आणि मी सोबत असणार आहे.