भूगर्भांतील संकटें आणि खाणकामगार

विजेचा दिवा लावणाऱ्यास श्रम पडत नाहींत. परंतु त्या विजेमागील कोळसा पुष्कळदां शेंकडों फूट खोल अंधारांतून आणावा लागतो. भुयारी खाणींत उतरणाऱ्या कामगारास मुख्यतः चार शत्रूंशीं गांठ असते: छत, वायु, धूळ आणि पाणी.

कोळसा काढतांना छतास आधार म्हणून त्याचेच खांब मागें ठेवावे लागतात. हे खांब फार कोरले, अगर टेकू वेळेवर दिले नाहींत, तर वरचा खडक एकाएकीं खालीं येतो.

दुसरा शत्रु मिथेन वायु. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. हवेपेक्षां हलका असल्यामुळें तो छतालगत सांचतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ झालें कीं एक ठिणगीहि स्फोटास पुरते. इंग्लंडांतील फेलिंग येथें १८१२ सालीं अशा स्फोटांत ९२ माणसें व मुलें दगावलीं. पुढें १८१५ सालीं हंफ्रे डेव्ही यांनीं ज्योतीभोंवतीं तारेची बारीक जाळी असलेला दिवा तयार केला. जाळी ज्योतीची उष्णता ओढून घेते, म्हणून बाहेरचा वायु सहसा पेटत नाहीं. मात्र या दिव्याच्या भरंवशावर पूर्वीं सोडून दिलेल्या वायुमय जागींहि काम सुरू झालें. साधन आलें म्हणजे सावधगिरी संपली, असें मानणें किती घातक, हें यावरून दिसतें.

कोळशाची धूळहि पेटते. फ्रान्समधील कूरिएर येथें १९०६ सालीं धुळीच्या स्फोटानें सुमारें १,१०० कामगार मेले. यावर उपाय म्हणून भुयारांतून चुनखडीची भुकटी पसरतात. ती धुळींत मिसळली कीं ज्वाला पुढें धांवत नाहीं.

भारतांत सर्वांत भीषण घात पाण्यानें केला. धनबादजवळील चासनाला खाणींत २७ डिसेंबर १९७५ रोजीं वरच्या जुन्या, पाण्यानें भरलेल्या पोकळींतून लोंढा आंत शिरला आणि सरकारी गणनेप्रमाणें ३७५ कामगार बुडाले. जुन्या पोकळीचा बिनचूक नकाशा, मधली पुरेशी जाड भिंत आणि पुढें छिद्र पाडून घेतलेली चांचणी, हेंच अशा संकटावरचें खरें संरक्षण होय.

राणीगंजच्या महावीर खाणींतहि नोव्हेंबर १९८९ मध्यें पाणी शिरलें. सहा कामगार दगावले. अडकलेल्या ६५ जणांसाठीं वरून रुंद छिद्र पाडून पोलादी पिंजरा सोडण्यांत आला. अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः त्यांतून खालीं उतरले आणि एकेक करून सारे जिवंत वर आले.

परंतु असें धैर्य हा नियम मोडण्याचा परवाना नव्हे. भारतांत खाणींचा पहिला कायदा १९०१ सालीं झाला. १९५२ चा कायदा त्याहून व्यापक होता. विदर्भांतहि वर्धेच्या खोऱ्यांत व नागपूरच्या आसपास भुयारी खाणी आहेत. उत्पादनाची घाई झाली कीं प्रथम टेकू, वायूची तपासणी व नकाशा यांत काटकसर होते, आणि तिची भरपाई कामगाराच्या घरास करावी लागते. धोका दिसतांच काम थांबविणाऱ्या कामगारास भित्रा म्हणूं नये. तोच साऱ्या पाळीचा रक्षक होय.