गाडीतील पिस्तूल

शस्त्राचा परवाना मिळाला म्हणजे ते शस्त्र हवे तसे बाळगण्याची मुभा मिळाली, असा एक समज अलीकडे आमच्या जिल्ह्यात बळावत चालला आहे. लग्नाच्या वरातीत, ढाब्याच्या अंगणात किंवा निवडणुकीच्या धामधुमीत सदऱ्याची कड किंचित वर सरकवून कमरेचे पिस्तूल चारचौघांच्या नजरेस पडेल अशी तजवीज करणारे गृहस्थ वाचकांनीही पाहिले असतील. जे ते कमरेला लावीत नाहीत, ते मोटारीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, टोलच्या पावत्या आणि सुपारीच्या डबीशेजारी टाकून देतात. पहिल्या प्रकारात मिजास आहे, दुसऱ्यात निष्काळजीपणा आहे. मिजास निदान दिसते तरी. निष्काळजीपणा दिसतो तो अनर्थ घडल्यावरच. म्हणून आज दुसऱ्या प्रकाराविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळचे आमचे एक विद्यार्थी आज कांद्याचे मोठे व्यापारी आहेत. मध्यंतरी ते भेटावयास आले आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. नगर-मनमाड रस्त्यावर चहासाठी गाडी थांबवून ते खाली उतरले होते. मागे नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. परत येऊन पाहतात तो मुलाने पुढच्या कप्प्यातून पिस्तूल काढून मांडीवर घेतलेले. "सर, त्याचं बोट चापावर होतं," एवढेच ते म्हणाले आणि थांबले. सुदैवाने पुढे काही झाले नाही. परवाना रीतसर होता, शस्त्र रीतसर होते, गृहस्थही पापभीरू होते. तरीही त्या एका क्षणी बाप आणि मुलगा यांच्यामध्ये दैवाखेरीज दुसरे कोणीही उभे नव्हते.

असे प्रसंग फक्त अजाण मुलांच्याच हातून ओढवतात असेही नाही. अभिनेते गोविंदा यांना १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे, मुंबईतील राहत्या घरी, स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायात लागली. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसर येथे एका माजी नगरसेवकाचा गोळ्या झाडून खून झाला. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, असे पोलिसांनी सांगितले आणि त्या अंगरक्षकालाही अटक झाली. एका ठिकाणी शस्त्र धन्यावर उलटले, दुसऱ्या ठिकाणी ते परक्याच्या हाती गेले. परवान्याचा कागद या दोहोंपैकी काहीही टाळू शकत नाही.

रोकड घेऊन रात्री-अपरात्री प्रवास करणाऱ्याची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. सराफ, पेट्रोल पंपाचे मालक, आडते यांना आपल्या रस्त्यांवर लुटले गेल्याच्या बातम्या याच पत्राच्या स्तंभांतून आम्हांस छापाव्या लागतात. ७ एप्रिल २०१८ रोजी केडगावात आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला जामखेडात दोघादोघांचे खून झाले. तीन आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रसंगी झाडल्या गेलेल्या गोळ्यांचा आवाज जिल्हा अजून विसरलेला नाही. सीमेपलीकडून चोरवाटांनी येणारे गावठी कट्टे नाकाबंदीत सापडतात, तेव्हा न सापडलेले किती असतील हा विचार मनात येतोच. तेव्हा प्रश्न भीतीच्या खरेखोटेपणाचा नाही. त्या भीतीपोटी घेतलेले शस्त्र आपण कोणत्या जबाबदारीने वागवितो, हा प्रश्न आहे.

या बाबतीत कायदा मोघम आहे अशी तक्रार करण्यास जागा नाही. १९५९चा भारतीय हत्यार कायदा आणि २०१६चे नियम यांत वाहनाचा विचार केलेला आहे. मोटार ही आपली खाजगी मालमत्ता असली तरी रस्त्यावर आल्यावर ती घराची खोली राहत नाही. कलम २३ अन्वये पोलीस अधिकारी ती थांबवून शस्त्रासाठी तिची झडती घेऊ शकतो. कलम १९ अन्वये तो परवाना दाखविण्यास सांगू शकतो, म्हणून मूळ परवाना घरच्या कपाटात आणि शस्त्र गाडीत, हा प्रकार चालावयाचा नाही. कलम २० तर अधिक कडक आहे. परवाना असो वा नसो, शस्त्र संशय यावा अशा रीतीने नेले जात असेल, तर वॉरंटाशिवाय अटक करण्याची मुभा ते देते. आणि कलम ३५ प्रत्येक कुटुंबवत्सल माणसाने वाचावे असे आहे. अनेकांच्या संयुक्त ताब्यातील वाहनात गुन्ह्याचे शस्त्र सापडले आणि ते तेथे असल्याचे त्यांना ठाऊक होते असे मानण्यास कारण असले, तर त्यातील प्रत्येकजण, उलट सिद्ध होईपर्यंत, जबाबदार धरला जातो. मित्राच्या गाडीत बसण्यापूर्वी त्या गाडीत काय आहे हे विचारणे यापुढे आगाऊपणाचे मानू नये. बिनपरवाना शस्त्राला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि दोषी ठरल्यावर ते वाहून नेणारे वाहनही सरकारजमा करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

आता रीतीविषयी. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यावयाचे तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रत्यक्ष काबूत असले पाहिजे, असा नियमांचा दंडक आहे. 'काबूत' हा शब्द येथे महत्त्वाचा. कप्प्यातले पिस्तूल गाडीच्या काबूत असते, मालकाच्या नव्हे. आसनाखाली सरकविलेले पिस्तूल ब्रेक दाबताच पुढे घरंगळते. म्हणून ते एक तर अंगावर, चाप झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये असावे, नाही तर गोळ्या काढून, नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून, कुलपाच्या पेटीत असावे आणि काडतुसे निराळी असावीत. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, या समजुतीने आजवर पुष्कळांचा घात केला आहे. एक गोळी नळीत उरलेली असू शकते. भरणे अथवा रिकामे करणे हे चालत्या गाडीत कधीही करू नये. चार घोट पोटात गेले असतील तर शस्त्राला आणि स्टिअरिंगला, दोहोंनाही हात लावू नये.

याहून अवघड प्रश्न गाडीतून उतरल्यावरचा आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर जमाव आणि शाळा-महाविद्यालयांचे आवार येथे खास परवानगीवाचून शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटीच मनाई करतात. आमच्या जिल्ह्यातला प्रवास तर बहुधा शिर्डी, शिंगणापूर किंवा मोहटादेवी यांपैकी कोठेतरी माथा टेकल्याशिवाय पुरा होत नाही. मग दर्शनाच्या रांगेत उभा असलेला परवानाधारक पिस्तूल कोठे ठेवतो? वाहनतळावर, काचेआड! चोराला याहून सोपे घबाड ते कोणते? शस्त्र चोरीस गेले तर तत्काळ पोलिसांत वर्दी देणे बंधनकारक आहे. पण त्या पिस्तुलातून पुढे कोणाच्या छातीत गोळी शिरली, तर ती वर्दी मालकाच्या मनाला काय दिलासा देणार? म्हणून घरून निघण्यापूर्वीच दिवसभराचा मार्ग डोळ्यांपुढे आणावा, आणि त्यात अशी एक जरी जागा असेल तर शस्त्र घरीच कुलपात ठेवावे.

मार्गाचा विचार आणखी एका कारणासाठी करावा. परवान्यावर त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. ते जिल्ह्यापुरते असेल, तर पुण्याच्या वाटेवर घोडनदीचा पूल ओलांडताच, किंवा छत्रपती संभाजीनगरकडे जाताना प्रवरासंगमी गोदावरी मागे टाकताच, कालपर्यंतचा सभ्य परवानाधारक अटभंगाचा अपराधी ठरतो. क्षेत्र वाढवून मागण्याची सोय कायद्यात आहे. ती न वापरता केवळ ओळखीच्या भरवशावर हद्द ओलांडणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

सारा उपदेश नागरिकालाच करून आम्ही अधिकाऱ्यांना मोकळे सोडणार नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या हत्याकांडानंतर शस्त्रपरवान्यांची मोजदाद झाली. एकट्या त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने निघाले, आणि पुढे शंभराहून अधिक रद्द करावे लागले. जे रद्द करण्याजोगे होते ते दिले कोणी आणि कोणाच्या शिफारशीवरून? शस्त्रपरवाना ही प्रतिष्ठेची भेट नाही. अर्जदाराला खरा धोका आहे काय, त्याने सुरक्षित हाताळणीचे शिक्षण खरोखरच घेतले आहे की नुसते प्रमाणपत्र आणले आहे, हे तपासणे जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस यांचे कर्तव्य आहे. आमच्या जिल्ह्यात बीडची पुनरावृत्ती होण्याची वाट न पाहता ही छाननी आजच व्हावी.

आमचा जिल्हा आता ज्यांचे नाव धारण करतो, त्या अहिल्यादेवींचा जन्म याच जामखेड तालुक्यातील चौंडीचा. त्यांच्या राज्यात डोंगरवाटांनी वाटसरूंना लूट होई, तेव्हा त्यांनी प्रत्येक वाटसरूच्या हाती तलवार दिली नाही. त्या वाटांवरच्या भिल्लांना 'भिलकवडी' घेण्याचा हक्क दिला आणि वाटसरूंच्या रक्षणाचा भार त्यांच्यावर टाकला, असे इतिहासकार सांगतात. वाट निर्धोक करणे हे राज्याचे काम, हा त्यातील बोध आहे. रस्त्यावर गस्त असली, संकटात केलेल्या फोनला वेळेवर उत्तर मिळाले, तर पिस्तुलासाठी अर्ज करणाऱ्यांची रांग आपोआप आखूड होईल.

आमचे ते विद्यार्थी गेल्या महिन्यात पुन्हा भेटले. पैशाचा बहुतेक व्यवहार आता बँकेतून होतो, रोकड गाडीत नसतेच, असे ते सांगत होते. "मग पिस्तूल?" आम्ही विचारले. ते घरी तिजोरीत असते आणि किल्ली आपल्यापाशी असते, असे त्यांनी सांगितले. डॅशबोर्डच्या कप्प्यात आता मुलाची गोष्टीची पुस्तके ठेवलेली असतात.