संगणकीय आवृत्ति व अवतरणाचें प्रामाण्य

इतिहाससंशोधनांत अवतरणास जें महत्त्व आहे, तें त्याच्या स्थाननिर्देशामुळें. अमुक खंड, अमुक पृष्ठ असें सांगितलें कीं वाचकास मूळ तपासतां येतें. तो निर्देश निकामी झाला कीं प्रमाण केवळ ऐकीव ठरतें. मुद्रित ग्रंथ संगणकावर चढविण्याचें कार्य सर्वत्र चाललें असतां ही गोष्ट किती जपली पाहिजे, हें महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयावरून स्पष्ट होतें. गांधीजी इ. स. १९३६ पासून शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहूं लागले. तेव्हां वर्धा जिल्ह्याच्या अभ्यासकांस तर हें घरचेंच साधन होय.

या वाङ्मयाची इंग्रजी आवृत्ति १९५६ सालीं हातीं घेण्यांत आली. पहिला खंड १९५८ मध्यें व शंभरावा १९९४ मध्यें निघाला. मुख्य संपादक प्रा. के. स्वामीनाथन् यांच्या नांवानें ती ओळखली जाते. पहिले ९० खंड कालानुक्रमानें असून मागाहून सांपडलेली सामग्री ९१ ते ९७ या पुरवणी-खंडांत आहे. पुढें १९९९ च्या सुमारास सुधारलेली आवृत्ति सीडीवर व मागून छापूनहि निघाली. तींत पुरवणींतील लेख आपापल्या तिथीस घातले गेले. कल्पना वरवर सोयीची. परंतु तिनें खंड व पृष्ठें सरकलीं, आणि चाळीस वर्षांच्या ग्रंथांतील निर्देश नव्या आवृत्तीशीं जुळेनात. शिवाय कित्येक नोंदी गळाल्या, खंडांच्या प्रस्तावनाहि वगळल्या गेल्या. अभ्यासकांच्या तक्रारीवरून ती मागें घेण्यांत आली. २०१३ सालीं सुरू झालेल्या साबरमती आश्रमाच्या ‘गांधी हेरिटेज पोर्टल’वर मूळ आवृत्तीचीं पृष्ठें जशींच्या तशीं पाहतां येतात.

महाभारताच्या अभ्यासकांस ही अडचण नवी नाहीं. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीचे श्लोकांक मुंबईच्या आवृत्तीशीं जुळत नाहींत. परंतु तेथें दोन्ही आवृत्त्या कपाटांत निरनिराळ्या दिसतात. संगणकावर तसें नाहीं. मागें घेतलेल्या आवृत्तीच्या प्रती तेथें अद्याप त्याच नांवानें फिरत आहेत. ओळखण्याची खूण एवढीच कीं, मूळ संच १०० खंडांचा व तो सुधारलेला संगणकीय संच ९८ खंडांचा.

तात्पर्य, अवतरण देतांना खंड-पृष्ठाबरोबर आवृत्तीहि नमूद करावी, आणि ग्रंथ संगणकावर आला म्हणून ग्रंथालयांनीं छापील संच रद्दींत घालूं नये. संगणकानें ग्रंथ खेडोपाडीं पोंचविला, हा उपकार मोठाच. पण दोन पाठांत वाद पडला असतां निवाडा करावयास मूळ छापील पृष्ठच लागतें.